अकरा नोंदी

९ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

गेल्या वर्षभरात माझ्या हातून झालं ते आधी लिहितो. सोळा दरवाजे, चार पलंग, एक पाळणा, दवाखान्याचं औषधांचं कपाट, आणि तुझ्या स्वयंपाकघरातली मांडणी, जिचा खालचा खण अजून अर्धा सूत घट्ट सरकतो. एकाही सांध्यात खिळा नाही. मला कुणी शिकवलं नाही हे तुला माहीत आहेच, तरी लिहितो.

तब्येत ठीक. म्हणजे ठीकच म्हणायची. रंधा मारायला लागलो की दहाव्या मिनिटाला मानेवर, छातीवर गांधी उठतात. लाल, मोहरीएवढ्या, सुया टोचल्यासारख्या. थांबलो की चाळीस मिनिटांत अंग कोरं. दवाखान्यात पोचेपर्यंत दाखवायला काही उरत नाही. डॉक्टर म्हणतात, "मिस्त्री, आहे कुठे?" मी म्हणतो, "आत्ता होतं हो!" खोटारडा ठरून परत येतो.

मग मी वही घातली. तारीख, लाकूड, मिनिटं. अकरा नोंदी झाल्या आणि अकराही वेळा लाकूड दाजींच्या वखारीतलं. झालं! चार गिऱ्हाइकांसमोर मी त्यांना विचारलं, "दाजी, लाकडाला कसलं विष पाजता?" ते एवढंच म्हणाले, "बस, पाणी पी." तेव्हापासून तू बोलत नाहीस. बरोबरच आहे तुझं.

गोम अशी, की मी दुसऱ्या वखारीची पायरी कधी चढलोच नाही. वहीत दुसरं नाव येणार कुठून? अर्ध्या सुतासाठी भांडणाऱ्या माणसाला हे सुचू नये!

मंगळवारी एका घरी माप घ्यायला गेलो. लिफ्ट बंद. खिशात फक्त टेप. चौथ्या जिन्यावर मान पेटली. लाकूड नाही, भुसा नाही, नुसता मी. डॉक्टर आता म्हणतात, "कष्ट कमी करून बघा." कष्ट कमी केल्यावर उरतो कोण, ते विचारायचं राहून गेलं.

आणखी एक. दाजींनी तुला सांगितलं नसणार. मी तसं बोलल्यावर आठवड्याने ते माझ्याकडे आले होते. मान नीट पाहिली. म्हणाले, "वखारीत बसत जा. लाकूड पारखायचं, मापं लिहायची. घाम नाही." मला वाटलं, माझं तोंड बंद करायला आलेत. तसं मी तोंडावर म्हणालोही. तेव्हा रागाला कारण तरी होतं, आता तेही उरलं नाही. तरी त्यांनी आज विचारलं तर मी हो म्हणेन का, मला खरंच कळत नाही.

तुझा धाकटा भाऊ,
ज्याने दाजींचं बसून करायचं काम, महिना तीस हजारांचं, नको म्हटलं.