एकादशीला गळाचे दाणे

आबा, आज सकाळी शेंगदाणे भिजत घातले आणि तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशीच बोलून राह्यले. नातू शहरातून आलाय. त्याला गंगेवर जाऊन गळ टाकायचाय, आणि कुठल्याशा दुकानातून आणलेलं लाल रंगाचं पीठ माशाला चारायला निघाला होता. म्हटलं, थांब जरा, मासा आपल्याकडचा आहे, त्याला आपल्याकडचंच खाऊ दे. तर मला म्हणतो, "आजी, तुला काय कळतं गळातलं?" घ्या! मला काय कळतं! जिनं जन्मात माशाचा तुकडा जिभेवर ठेवला नाही, तिला ह्या गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या माशाची आवडनिवड तोंडपाठ आहे, हे त्या पोराला काय माहीत. तुम्हाला माहीत होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं सांगावं म्हणून त्याचीच वही ओढून बसले आहे. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, की रागावलात तरी माझं काय वाकडं होणार?

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा तुम्ही मला जाफराबादेकडून उचलून थेट गंगेकाठी दिलं. आपलं घर माळकऱ्याचं. तुमची एकच अट होती, ज्या घरात मासा-मटण शिजतं तिथं लेक देणार नाही. मधला माणूस तुमच्यासमोर कानाला हात लावून म्हणाला होता, "बिलकुल न्हाई! देवमाणसं हायेत." देवमाणसं होतीच ती, त्यात खोटं नव्हतं. फक्त माझ्या सासऱ्यांना नदीचा नाद होता, तेवढं सांगायचं त्यानं सोयीनं ठेवून दिलं. गोठ्यामागं मासे शिजवायची चूल वेगळी होती, मडकी वेगळी होती, सासूबाई तिकडचं उरकून आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकत नव्हत्या. पण वासाला कोण अडवणार? आठव्या दिवशी मला सगळं उमगलं. मी जेवण टाकलं आणि कोपऱ्यात बसून रडले. तुम्हाला नुसता निरोप धाडला असता, तर तुम्ही गाडी जुंपून आला असता आणि मला घेऊन गेला असता. तुमचा शब्द म्हणजे शब्द.

त्या दिवशी मामंजी सुपात शेंगदाणे घेऊन माझ्यापासून चार हातांवर येऊन बसले. सासरा सुनेशी सहसा बोलत नसे त्या काळात. दाण्यांकडेच बघत म्हणाले, "सूनबाई, माशाला हात लावायचं काम तुला न्हाई. आज न्हाई अन् कधीच न्हाई. पर शेंगदाण्याला तर तुझी हरकत न्हाई ना? दाणे तर तुझ्या बापाला एकादशीलाबी चालतात." त्यांना गळाला लावायला दाणे करून हवे होते. मोठ्या खवल्याचा मासा, रोहूच्या जातीतला, त्याला गांडूळ नको, कणीक नको, त्याला दाणा लागतो, असं ते सांगत होते. मी मान हलवली. आणि मग मी काय केलं माहितेय? दाणे खमंग भाजले, चोळले, सालं पाखडून टाकली आणि पांढरेशुभ्र दाणे सुपात घालून पुढं ठेवले. आपल्या स्वयंपाकघरात दाणे म्हटलं की हात आपोआप हेच करतात. मामंजी सूप बघून उभेच राहिले. म्हणाले, "वा! आता ह्याचं कूट करू अन् माशाला कोशिंबीर करून वाढू. दही बी विरजून ठेव." आतून सासूबाई फिस्सकन हसल्या, आणि आबा, मीही हसले. त्या घरातलं माझं ते पहिलं हसणं.

मग शिकवलं त्यांनी. दाणा निवडून घ्यायचा, सालीला चीर गेलेला एकही नको. पाणी गंगेचंच हवं, विहिरीचं चालणार नाही. एक दिवस एक रात्र भिजवायचा, मग गोवऱ्यांच्या मंद जाळावर मडक्यात उकडायचा. दोन बोटांत दाबला तर दबला पाहिजे, पण फुटला नाही पाहिजे. जास्त शिजला तर गळावरून गळून पडतो, कच्चा राहिला तर मासा थुंकून टाकतो. उतरवताना गुळाचा खडा, आणि तीर्थपुरीच्या बाजारातून मुद्दाम आणलेले दोन वेलदोडे ठेचून. ह्या वेलदोड्यांवरून दर वेळी भांडण. सासूबाई म्हणायच्या, "घरच्या खिरीत टाकायला वेलदोडा न्हाई, अन् तुमच्या माशाचे काय हे लाड!" मामंजी म्हणायचे, "तू फसलीस का खीर खाऊन? मासा फसतो." नंतर ते दाणे त्याच पाण्यात दोन दिवस ठेवायचे, पाण्याला तार सुटेपर्यंत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिले तीन दिवस गळ न्यायचाच नाही. रोज एकाच डोहात, एकाच जागी मूठ-मूठ दाणे टाकून यायचं. "माशाला वाटलं पाह्यजे, हे आपलंच घर हाय," असं ते म्हणायचे. एकदा मी धीर करून म्हणाले, "मलाबी तसंच केलं की तुम्ही." मामंजी इतके हसले की त्यांना ठसका लागला.

दिवाळीला थोरला भाऊ मला न्यायला आल्ता, तेव्हा त्याच्या नाकानं गोठ्यामागचं बरोबर हेरलं. वाटेत मला विचारलं, मी उडवून लावलं. माहेरी पंधरा दिवस राहिले, तुमच्यापुढं अवाक्षर काढलं नाही. मी परत सासरी गेल्यावर त्यानं तुम्हाला सांगितलं असणार, कारण त्यानंतर थंडीत एका दुपारी तुम्ही अचानक दारात उभे. डोईला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, गळ्यात माळ. मोटार अर्ध्या वाटेत सोडून पुढं पायी आला होता. सासूबाई "आले इवाई!" म्हणत मागच्या दारानं ज्या सुटल्या, त्या शेजारणीकडं दुधाला. गळाच्या काठ्या आढ्याला, मामंजी नदीवर, तुमचे जावई शेतात, आणि ओसरीवर बाप-लेक दोघंच. तुम्ही न्हाणीपाशी पाय धुतले. बराच वेळ लावला धुवायला. मला वाटलं, चालून दमलेत.

मी विचार करून राह्यलेली, आता पुढ्यात काय ठेवू? तेवढ्यात तुम्ही आत आलात आणि चुलीच्या कडेला नुकतं उतरवून ठेवलेलं मडकं तुम्हाला दिसलं. झाकण तुम्हीच काढलं. गुळाचा आणि वेलदोड्याचा वास घरभर झाला. तुमचा तो चेहरा मला आजही दिसतो. "माय!" म्हणालात, "एकादशीचे दाणे करून ठिवलेस? मी येणार हे कसं कळलं गं तुला?" मी दाणे वाटीत काढून दिले. वाटी घेऊन तुम्ही ओसरीवर मांडी घालून बसलात आणि खाऊ लागलात, आणि एकेक दाणा डोळे मिटून चावताय. "साल कशी राह्यली बघ. अन् मऊ कसे! तुझ्या आईलाबी असे कधी जमले न्हाईत. तूबी घे, तुलाबी उपास असंल." मग मीही घेतले. समोरासमोर बसून आपण दोघांनी माशाचं जेवण जेवलं, आबा.

इतक्यात मामंजी आले. सासूबाईंनी त्यांना वाटेतच गाठलं होतं, त्यामुळं हात रिकामे आणि धोतर झाडपाल्यानं पुसलेलं. ओसरीवर येऊन त्यांनी राम राम केला, आणि तुमच्या हातातली वाटी बघितली. दोन दिवसांची मेहनत होती ती. तुम्ही वाटी पुढं केलीत, "घ्या इवाई, लेकीनं केलेत." बिचाऱ्यांनी दोन दाणे तोंडात टाकले. इतकी वर्षं माशांना चारले, स्वतः कधी चाखले नव्हते. चावले, थांबले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बराबर जमलेत." मग दोघं मिळून मडकं तळाला लागेस्तोवर खात बसले आणि पाऊसपाण्याच्या गोष्टी करत राहिले. मी आत जाऊन तोंडात पदर कोंबला. भीती म्हणून की हसू म्हणून, ते मला अजून सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी उपास सोडून तुम्ही निघालात. मला घेऊन जायचं नावही काढलं नाही. सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली.

पुढच्या साली शेंगा निघाल्यावर तुमच्याकडून एक पोतं आलं. आणणारा गडी म्हणाला, आबांनी निरोप दिलाय, इवायाला सांग, दाणा बारका हाय पर साल घट्ट हाय, गळावरून सुटायचा न्हाई. मामंजींच्या हातातली तंबाखू खाली सांडली. सासूबाई मटकन बसल्या. आणि मग आम्ही तिघं जे हसत सुटलो! त्यानंतर दर साली एक पोतं यायचं. मामंजी म्हणायचे, "माळकऱ्याच्या शेतातला दाणा हाय, मासाबी भक्तिभावानं खातो."

तुम्हाला कळलं कसं, हे मी विचारलं ते दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आल्ते तेव्हा. अंगणात बाजेवर तुम्ही बाळाला मांडीवर घेऊन बसला होता. म्हणालात, "पाय धुतानाच धोंडीवर खवलं चिकटलेलं दिसलं. रुपयाएवढं. तिथंच ठरवलं, पाणीबी न पिता पोरीला घेऊन निघायचं. आत आलो ते तुला उठ म्हणायलाच. मंग मडकं दिसलं. म्हटलं, ज्या घरात माझ्या पोरीला माझी एकादशी आठवते, त्या घरात तिचं मन मारलेलं न्हाई. मंग खवलं असू दे." नंतर हसून म्हणालात, "दाणे कुणाचे होते ते दोन घास खाल्ल्यावर कळलं. उपासाच्या दाण्याला वेलदोडा कोण घालतंय? अन् वर आढ्याला गळाच्या काठ्या, पर उपास तर तुलाबी होता, तेवढं बास." आणि तरी मडकं संपवलंत! मी तुमच्या पायावर डोकं ठेवलं. पण एक गोष्ट तेव्हाही ओठांवर येऊन परत गेली. तुम्ही ती एकादशीची गोष्ट सगळ्या गावाला सांगत होता ना, माझी लेक सासरीबी बापाचा उपास विसरली न्हाई म्हणून. मला तुमचा तो आनंद मोडवेना.

नातवाचे दाणे आता भिजून फुगलेत. उद्या उकडीन, वेलदोडे टाकीन. हे पत्र त्याच्या वहीतून फाडून चुलीत घालीन, त्याला वाचता आलं तर गावभर करील. पण त्याआधी एवढं ऐकून घ्या. त्या दिवशी एकादशी आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. ते दाणे पहिल्यांदाच सर्वस्वी माझ्या एकटीच्या हातचे होते, आणि मासा ते खाईल का नाही, ह्याच्यापलीकडं सकाळपासून डोक्यात दुसरं काही नव्हतं. उपास नाही, माहेर नाही, तुम्हीसुद्धा नाही. दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा पोटभर खाऊन बसले होते मी, आबा. मी इतकी सुखात होते.