रेझोल्यूट ते ग्रीस फियॉर्ड : दीड तास

ग्रीस फियॉर्ड,
१२ मे १९९७

चि. मीकास अनेक आशीर्वाद.

शाळेच्या फॅक्सवरून पाठवते आहे. माझी लेक नीवी इक्वालुइटच्या हॉस्पिटलातून बाळंत होऊन तुझ्यापर्यंत, रेझोल्यूटला पोचली हे कळलं. मुलीला आपल्या आईचं, आर्नाकचं, नाव दिलं. आपल्यात ज्याचं नाव ठेवावं ते माणूसच बाळात परत येतं, म्हणजे आईच घरी परत येते आहे. गेल्या वर्षी ती तुझ्याकडे वारली तेव्हा धुक्यामुळे मला पोचता आलं नाही. तू जवळ होतीस, मी नव्हते. आता धावपट्टीवर तिला मीच उतरवून घेणार आणि आधी तिची माफी मागणार.

तीस वर्षं मी मुलांना गणित घालते आहे : अंतर ३८४ किलोमीटर, विमानाचा वेग ताशी २५६, वेळ किती? दीड तास. उद्या अकराला त्यांना विमानात बसव. साडेबाराला मी हजर असेन. उशीर चालणार नाही.

बहिणीवर माया असू दे.
तुझी ताई,
ओलीपिका

रेझोल्यूट,
१५ मे

ती. ताईस मीकाचा नमस्कार.

तुझं गणित बरोबर आहे, पण ते धुक्याला शिकवायचं राहिलं. परवा विमान हललंच नाही. काल निघालं, तुमच्या डोंगरापर्यंत गेलं आणि मागे फिरलं. नीवी आईला घेऊन तीन तास उडाली आणि पुन्हा माझ्याच दारात उतरली!

मला अर्थात फार वाईट वाटलं. वाईट वाटत असतानाच आईला पोटाशी धरून मस्त झोपले. रागावू नकोस, पण ती माझ्याकडे बघून हसली. नीवी म्हणते, पोटात वारा धरला असेल. नीवीला काय कळतं?

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी मीका

ग्रीस फियॉर्ड,
१६ मे

चि. मीकास आशीर्वाद, यावेळी मोजकेच.

हसली वगैरे मला कळवू नकोस. परवा विमानाचा आवाज आला तेव्हा सगळं गाव धावपट्टीवर होतं. आवाज डोक्यावरून गेला आणि विरला. वर्गातल्या मुलांनी विचारलं, बाई, उत्तर दीड तासच लिहायचं का? मी त्यांना दटावलं आणि तेलाच्या पिंपांमागे जाऊन रडले. हे कुणाला सांगू नकोस.

आईला आवडतं म्हणून सीलचं मांस उकडलंय, देवमाशाच्या कातडीचं मक्ताक चिरलंय. आमचे हे, जोआमी, म्हणाले, सासूबाईंना अजून दात यायचेत. तेव्हापासून त्यांच्याशी मी बोलत नाही. मीका, पुन्हा चुकामूक होणार नाही ना?

माया आहेच, आईला मात्र पाठव.
ओलीपिका

ग्रीस फियॉर्ड,
१८ मे

माझ्या मीकास खूप खूप आशीर्वाद!

आली! पंखे थांबायच्या आत मी विमानाकडे पळाले. वैमानिक ओरडला, मी ऐकलं नाही. असं करणाऱ्या मुलांना मी कोपऱ्यात उभं करते. माझी जुनी अमाउती, बाळ पाठीवर घ्यायचा कोट, घालूनच गेले होते. नीवीनं आईला तिच्या पाठीवरच्या पिशवीत सोडलं. माफीचे शब्द चार दिवस पाठ केले होते. तोंड उघडणार तोच पाठीवरून ऊन ऊन धार कमरेपर्यंत गेली. जोआमी टोपी काढून अदबीनं म्हणाले, सासूबाई घरी आल्यासारखं समजतायत. मी इतकी हसले की खाली बर्फात बसावं लागलं. मुलंही हसली. एकालाही दटावलं नाही.

पुढच्या विमानानं तूही ये. तुझा लोभ मला इथे, समोर हवा.

माफी अजून मागितलेली नाही. आता घाई कसली? आई इथेच राहायला आली आहे.

तुझी,
ताई