कपाशीतलं इंग्रजी

४ नोव्हें.
आरतीची चिडचिड. आठवीतली लेक मायले शिकवते. "आई, काम चालू असलं तं मांगं 'इंग', झालं तं 'एड'. किती डाव सांगू?"
दहावीत तेवढं इंग्रजीच राह्यलं अन् लगन झालं. अंगनवाडीत लागायचं तं बारावी पाह्यजे, त्याच्या आधी हे. यंदा काढायचंच.

७ नोव्हें.
कापूस वेचता वेचता उजेड पडला. तासात, म्हंजे कपाशीच्या ओळीत आहो तवर 'पिकिंग'. कमरेची ओटी भरली, धुऱ्यावर, वावराच्या बांधावर जाऊन गंजीवर रिकामी केली, की 'पिक्ड'. मोठ्यानं म्हनून पाह्यलं.
बाजूच्या तासातून मंदाबाई, "काऊन वं, कोनाशी बोलून राह्यली?"
सांगितलं. दुपारपर्यंत सगळ्या बाया 'पिक्ड' म्हनत ओट्या झाडून राह्यल्या होत्या. हसून हसून पोट दुखलं.

१५ नोव्हें.
आज नवीन. थकवते ते 'टायरिंग', थकते ते 'टायर्ड'. सासूबाई आयकत होत्या. म्हने, "मंग तू टायरिंग अन् मी टायर्ड." घरभर हशा. मीबी हसली. लागलं थोडं.

१८ फेब्रु.
पेपर अन् हरभऱ्याची सोंगनी, म्हंजे कापनी, एकाच हप्त्यात. सासूबाई, "जाय न पेपरले. पन तुह्या वाट्याचं कोन सोंगन?"
रडू आलं. मंदाबाईजवळ बोलली. ती विळा घासत राह्यली.

मार्च, पेपरचा दिवस
सगळ्या पोरींच्या मधात मी एकटी बाई. क्रियापदं आली अन् पेन थांबला. मंग डोळे मिटले. कमरेले ओटी, समोर धुरा. कोनतं वाक्य अजून तासात हाय, कोनतं धुऱ्यावर पोचलं, पाहात गेली, लिहत गेली. दोन-तीन चुकले वाट्टे.
तशीच वावरात. माह्या वाट्याचे तास साफ. मंदाबाईची टोळी धुऱ्यावर चहा पिऊन राह्यली. त्याइच्यात सासूबाई, हातात माह्याच विळा.
"सोंगिंग नाही, सोंग्ड," म्हनल्या. "आता तुहं सांग."
आधी सासूबाईच्याच कपातला चहा पेली. लय बरं वाटलं.

२ एप्रिल
निकाल लांब हाय. सासूबाई सकाळीच, "अजून वेटिंगच काय?"
म्हनलं, हाव. तुमीबी.
सासूबाईनं चुलीपाशी सरकून जागा करून देली.