गंगूबाईचे पाण्यातले देव

सातारा, श्रावणी सोमवार, १९४४

डोकं अजून तापलेलं आहे. उंब्रजच्या गंगूबाईच्या दिराला आज दवाखान्यातून हाकलूनच द्यायला हवं होतं.

मुलगा लढाईवर गेला तेव्हा या बाईने देव पाण्यात ठेवले. तो तिकडे मारला गेल्याची तार आली, तरी देव तिने बाहेर काढले नाहीत. अन्न सोडलं, बोलणं सोडलं. माझ्या औषधांनी काही होईना. शेवटी मीच म्हणालो, "बाई, राहू द्या देव पाण्यात. रोज त्यांना जाब विचारा, आणि काय विचारलंत ते मला येऊन सांगा." कुठल्या पुस्तकात आहे असला उपचार? नसेना का! बाई देवांना शिव्या घालू लागली, रडू लागली, भाकरी खाऊ लागली.

आणि आज हा शहाणा सांगतो, "आवं डाक्टर, सणावाराचं देव पाण्यात कसं ठिवायचं? मी काढलं, पुसलं, बेल वाहिला. वैनी पाया बी पडली." वर हसतो! पाया पडली म्हणजे बरी झाली? तिच्या मनाने घेतलं असतं त्या दिवशी तिनेच काढले असते ना देव! याला एवढी कसली घाई झाली होती?

बाई पुन्हा गप्प. दिराला बाहेर बसवून मी विचारलं, "आज देवांना काय म्हणालात?"

ती म्हणाली, "पाण्यात व्हतं तवर भांडता येत व्हतं, डाक्टर. आता त्ये देव्हाऱ्यात बसल्यात. आता हात जोडायचं न् गप ऱ्हायचं."