पुन्हा या म्हणायचं नाही

आई, आज कामावरून आल्यापासून तुझ्याशी भांडावंसं वाटतंय. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एका शब्दावरून तू मला आज पुरतं अडकवलंस.

घाटकोपरच्या म्युनिसिपल हॉस्पिटलात तू सिस्टर होतीस आणि शाळा सुटली की मी तुझ्या वॉर्डातल्या बाकावर येऊन बसायचे. घरातून निघताना मी 'जाते' म्हटलं की तू दारातून मागे बोलवायचीस, 'येते' म्हणायला लावायचीस. म्हणून एकदा, बरी होऊन घरी निघालेल्या एका बाईंना मी पाहुण्यांना म्हणतात तसं 'पुन्हा या हं' म्हटलं. तू चारचौघांत माझा कान पिरगाळलास. "इथे कुणाला पुन्हा या म्हणायचं नाही. जा म्हणायचं, तोंड भरून." बाई हसल्या, "जाते हं सिस्टर," म्हणाल्या. मी रडवेली झाले. घरी एक आणि इथे भलतंच, माणसानं बोलायचं तरी काय!

आता मी मुलुंडच्या एका खासगी हॉस्पिटलात केस मॅनेजर आहे. पेशंटला घरी कधी सोडायचं, कुणाच्या भरवशावर सोडायचं, पुढचा व्यायाम, औषधं, विमा कंपनीची मंजुरी, सगळ्यांची मोट मी बांधते. तुमच्या वेळी हे सिस्टरच करायच्या, फक्त त्याला कुणी नाव दिलं नव्हतं. घरी जिने आहेत का, संडास कुठे आहे, हे तू नातेवाइकांना विचारायचीस आणि उत्तर पटलं नाही की डॉक्टरांना सांगायचीस, "अजून कणकण वाटते हो, उद्या बघू." मी नर्सिंग केलं, वर या कामाचा कोर्स केला, मीही तेच विचारते. पण आता पेशंटचा ताप स्क्रीनवर सगळ्यांना दिसतो. तुझी कणकण मी कुठून आणू?

वाकोल्याची एक मालवणी आजी आहे, खुब्याचं ऑपरेशन झालेली. जखम सुकली, डॉक्टरांचं काम संपलं, विमा कंपनीनं पुढचे दिवस नाकारले. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मुलगा-सून दोघंही कामाला. चेंबूरच्या एका शुश्रूषा केंद्रात मी तिला जागा मिळवली, पण सोमवारपासून. आज शुक्रवार. मुलगा म्हणाला, "मॅडम, सोमवारपर्यंत ठेवा ना. सुट्टी मागितली तर मला काढतील. ही घरात एकटी पडली-झडली तर वाट लागेल आमची." तेवढ्यात हॉस्पिटलच्या साहेबांचा फोन. "खाली एक पेशंट बेडसाठी सकाळपासून स्ट्रेचरवर ताटकळतोय. त्याला काय सांगू, तूच सांग ना." तेही खोटं नव्हतं, म्हणून तर माझा जास्त संताप झाला. कुणावर ओरडावं तेच कळेना. शेजारीण अधूनमधून डोकावेल, एवढं जमवलं आणि तिला घरी सोडायच्या कागदावर मीच सही केली.

लिफ्टपर्यंत मी व्हीलचेअरबरोबर गेले. आजीनं माझा हात धरला. "माका भायर काढतंस काय गो?" मी म्हटलं, "नाही हो आजी, घरी जाताय." मग लिफ्ट आली आणि जन्मभराच्या सवयीनं ती म्हणाली, "येतंय हां बाय." तू असतीस तर तिथल्या तिथे तिला दुरुस्त केलं असतंस. माझ्याही ओठांवर तुझा 'जा' आला होता. पण आज तो हाकलल्यासारखाच ऐकू गेला असता. ती माझ्याकडे बघत राहिली.

हे पत्र तुला कुठे पाठवणार? डब्याच्या पिशवीत राहील चुरगळून. सोमवारपर्यंत तिच्या घरून फोन येऊ नये, असं मी मघापासून घोकतेय. पण लिफ्टचं दार मिटताना मी 'या' म्हटलं, आई. आणि ते तोंडातून निसटलं नव्हतं. तिला उचलून बसवायला हॉस्पिटलात निदान माणसं आहेत. तिनं परत यावं, असंच मला वाटत होतं.