पेरूला टांगलेली डिस्क

तात्यापारा, रायपूर
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय यशदीपदादा,
सप्रेम जय भीम.

इकडे सगळे बरे. बाबांचा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण चहात साखर कमी पडली की आवाज अजून रेल्वेच्या नोकरीतलाच निघतो. तू कुठूनतरी शोधून पाठवलेलं डिस्कचं मशीन पोचलं. खोकं बाबांनी स्वतः उघडलं, मला हात लावू दिला नाही. टीव्हीशेजारी ठेवलंय, वर आईनं विणलेला रुमाल.

तू रोज विचारतोस, आईची डिस्क लावली का, आवाज कसा वाटला. मी रोज काहीतरी सांगून वेळ मारून नेते. फोनवर जीभ रेटत नाही, म्हणून हे पत्र.

भिलाईच्या स्टुडिओत तू आईची भीमगीतं त्या भारी डिस्कवर उतरवलीस. आई गेली, मग प्लेअरही बिघडला. मेकॅनिक म्हणाला, असल्या डिस्कची मशीनं आता येत नाहीत. तूही म्हणालास, "डिस्कचा जमाना गेला बाबा, गाणी मोबाइलवर टाकून देतो." बाबांनी तुझा शब्द प्रमाण मानला. अभनपूरला आत्याच्या पेरूवर पोपट तुटून पडत होते. चकाकीनं ते बुजावेत म्हणून बाबांनी घरातल्या सगळ्या डिस्क दोऱ्यात ओवून झाडाला टांगल्या. तीही.

परवा जाऊन काढून आणली. उन्हापावसानं चकाकता थर सोलून गेलाय, आरपार दिसतं. तरी बाबांनी धोतराच्या सोग्यानं पुसून लावली. मशीनवर अक्षरं आली, डिस्क नाही.

"हाये ना बे, आत तं हाये," बाबा मशीनला समजावत होते.

मला बघवेना. मी मोबाइलवर गाणं लावलं, तर म्हणाले, "गाणं नाई पायजे मले. तुह्या मायनं पयले मले झापलं होतं ना, थे लाव."

ते मोबाइलवर नाही, दादा. गाण्याआधीचं बोलणं तू कापलंस. कापलंस कारण डिस्क होतीच घरात. तुझ्यावर राग नाही, पण फार हळहळ वाटते. बाबा म्हणतात, "यशकडे असंनच." तुझ्याकडे मूळ रेकॉर्डिंग उरलेलं नाही, हे तू मागेच बोलला होतास; ते त्यांना सांगायचा धीर मला अजून झालेला नाही. ते रोज सकाळी मशीनवरचा रुमाल काढून घडी घालतात आणि समोर बसतात.

"तुमी गप बसा ना जी," इथवर मला आठवतं. त्यापुढे आई काय म्हणाली होती रे? आठवत असेल तर लिही. नसेल, तर बाबांना फोन तूच कर.

तिचं बोलणं विसरत चाललेली,
तुझी चेतना