गाळलेलं बोलणं

येरुहाम,
रविवार, ता. ३ नोव्हेंबर १९६३

चि. मिली,

अबाजीभावोजीचा आशीर्वाद. इकडे आम्ही खुशाल. हा शब्द हातानं सवयीनं लिहिला. खोडत नाही, पण तू त्यावर विश्वास ठेवू नकोस.

हैफाला थंडी पडली का? इथे दुपारची वाळू अजून तापते. आमचा योसेफ शब्बाथच्या सुट्टीला सैन्यातून येऊन गेला. मी मराठीत विचारतो, तो हिब्रूत उत्तर देतो, आणि तुझी बहीण दोघांच्या तोंडाकडे बघत बसते. भात मीच टाकतो. रोज खाली लागतो. पोरगा आला की गुपचूप खातो बिचारा.

रोश हशानाच्या सणाला तू आली होतीस तेव्हा म्हणालीस, "भावोजी, डिनाबाय बरी नाही. नीट दाखवा तिला." आणि मी काय म्हणालो? "नर्स झालीस म्हणून माझ्या घरात रोगी शोधू नकोस. असंच बोलायचं असेल तर परत येऊ नकोस." रागावू नकोस, मिली. तू खरं बोलत होतीस, ते मला तेव्हाच कळलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी डिना सकाळी रिकामी कळशी घेऊन घराबाहेर पडली. नळ घरात आहे. दुपारी कारखान्याच्या ट्रकवाल्याला ती कोरड्या ओढ्यात दगडावर बसलेली सापडली. अनवाणी, कळशी मांडीवर. मी विचारलं, कुठे निघाली होतीस? म्हणाली, "विहीर बघायला."

बेरशेबाच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीणबाई भली आहे. म्हणते, इथे सहा आठवडे राहा, शब्बाथ सोडून रोज एक तास बोलायचं. गोळ्या थोड्या, बोलणं जास्त. नाहीतर घरी राहून पंधरा दिवसांतून एकदा या. मी विचारलं, कुठलं बरं? तर म्हणाली, "रोजचं बोलणं जड जातं. खपली निघते, आधी जास्त दुखतं. झेपेल की नाही, हे तिनं ठरवायचं. तुम्ही नाही."

मी रोज दोन्ही पारडी धरून बसतो. परक्या ठिकाणी सहा आठवडे, तिच्या जिवाला मानवेल का? पंधरा दिवसांनी एकदा गेली, तर मधले चौदा दिवस तिच्यावर नजर कोण ठेवणार? आणि नुसतं बोलून माणूस बरं होतं, हे आपल्यात कुणी ऐकलंय का? आपण मलिदा करतो, एलियाहू हन्नाबीला नवस बोलतो. तो मी बोललो. आता वाटतं, नवससुद्धा मी तिला न विचारताच बोललो.

डॉक्टरीणबाईला मराठी येत नाही, डिनाला हिब्रू. मी म्हटलं, मी आहे ना! सोप्या अक्षरांचं हिब्रू वर्तमानपत्र वाचून वाचून शिकलो, आपल्या हिंदी लोकांची सगळी आळी दवाखान्यात जाताना मलाच नेते. तेव्हा डिना, जी त्या ओढ्याच्या दिवसापासून हूं की चूं करत नव्हती, ती बोलली. "हे असतील तर मी नाही बोलणार."

डॉक्टरीणबाईनं माझ्याकडे बघून विचारलं, काय म्हणाली ती?

मिली, आता ते लिहितो ज्याच्यासाठी चार दिवस कागद समोर घेऊन बसलोय. उन्हाळ्यात तिला इथल्या छोट्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरनं विचारलं, काय होतंय? डिना म्हणाली, "रोज विहिरीत जीव द्यावासा वाटतो. इथे धड विहीरपण नाही." आणि मी हिब्रूत सांगितलं, डोकं दुखतं, झोप लागत नाही. त्यानं डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या, मी आभार मानून उठलो.

का केलं? लग्नाच्या दफ्तरात आपल्या लोकांची आजी-पणजी विचारतात, पक्के यहुदी की कच्चे म्हणून. उद्या योसेफचं लग्न ठरवायचं, त्यात आईचं हे कुठे सांगू? झाकली मूठ सव्वा लाखाची. चहा गाळावा तसं आळीतल्या प्रत्येकाचं बोलणं मी गाळून पुढे करायचो आणि मोठा शहाणा म्हणवून घ्यायचो. तिचा चोथा तिच्याच पोटात राहिला. तिला हिब्रू येत नाही, पण मी किती थोडं बोललो हे तिनं ऐकलं होतं.

तर त्या दिवशी मी डॉक्टरीणबाईला सांगितलं, "ती म्हणते, मी असलो तर ती बोलणार नाही." बायकोचं वाक्य पहिल्यांदा जसंच्या तसं नेलं. डॉक्टरीणबाईनं विचारलं, मग कोण चालेल? डिना म्हणाली, "मिली."

तुझ्या वॉर्डातून इतकी रजा मिळेल का, मला माहीत नाही. हाकलून दिलेल्या माणसालाच बोलवायची पाळी आली, ही माझी शिक्षा समज. तू तिच्याशेजारी बस. मी बाहेर बाकावर बसेन. आत काय झालं, हे कधी विचारणार नाही.

हे सगळं तिला आत्ता वाचून दाखवलं. विहिरीचंही. मग म्हणाली, आता माझं लिहा. लिहितो, एक अक्षर न गाळता:

"मिली, मला भीती वाटते. पण तू येणार असलीस तर मी जाईन. आधी आठवडाभर बघीन, झेपलं तर पुढचं. ह्यांनी रागावू नकोस लिहिलंय, ते ऐकू नको. थोडी रागव. कोकमं असली तर आण."

तिनं सांगितलं तेवढंच लिहिणारा,
अबाजी